दाखला हवा, पण तेवढ्यावर भागत नाही

मांजर आणायचे ठरले की आम्हा मुलांना मेन कून किंवा रॅगडॉलच हवे असते. विकणारे सांगतात, "आईबापांची डी.एन.ए. तपासणी झाली आहे, हृदयाची काळजी नको." पालकहो, आमच्या मते एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

या जातींत हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हा हृदयरोग आनुवंशिक आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते आणि आत रक्ताला जागा कमी उरते. पुष्कळदा वरून काहीच कळत नाही. मग एखाद्या दिवशी मांजराला धाप लागते, रक्ताची गुठळी अडकून मागचे पाय लुळे पडतात, किंवा ते अचानक दगावते.

२००५ साली अमेरिकेत डॉ. कॅथरिन म्यूर्स व सहकाऱ्यांनी मेन कूनमधला जनुकीय दोष शोधला. २००७ साली रॅगडॉलमधला सापडला. जनुक एकच, पण दोषाची जागा निराळी. म्हणून एका जातीची तपासणी दुसरीला चालत नाही.

शिवाय तपासणी फक्त तेवढाच दोष शोधते. तो नसलेल्या मेन कूनलाही हा रोग होतो. उलट, एकाच पालकाकडून दोष आलेली पुष्कळ मांजरे जन्मभर ठणठणीत राहतात. दोघांकडून आला तर मात्र धोका बराच वाढतो. म्हणजे दाखला ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

मग तपासणी कशाला, असे कोणी विचारील. दोष असलेल्या दोन मांजरांची जोडी लावू नये, यासाठी ती हवीच. पण दोष असलेली सगळीच मांजरे वगळणेही बरे नाही. मेन कूनमध्ये साधारण तिघांत एकाला तो असतो. इतकी मांजरे वगळली तर उरलेली नात्यातलीच राहतील आणि दुसरे आजार बळावतील.

म्हणून विकणाऱ्याला विचारा : आईबापांच्या हृदयाची सोनोग्राफी हृदयतज्ज्ञ पशुवैद्याने केली का? शेवटची केव्हा? रोग उशिराही दिसतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागते. साध्या मांजरांनाही हा रोग होतो, हेही लक्षात असू द्या.

हा प्रश्न नुसता मांजरांचा नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, माणसातल्या याच जनुकातला एक बदल दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो. त्या सर्वांनाच हृदयरोग होतो असे नाही. मांजर असो वा माणूस, कागद वाचावा आणि हृदयही तपासावे, असे आम्हाला वाटते.

— मोठ्या गटाचे विद्यार्थी