तंबू घ्यायचा तर दादींना विचारून

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या घरांची एक अडचण बाहेरच्यांना सहसा कळत नाही. इथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शाळांची रविवारी. अब्बू घरी असतात तेव्हा मुले वर्गात, आणि मुले घरी असतात तेव्हा अब्बू शिफ्टवर. सगळे घर एका दस्तरखानवर बसते ते ईदला, लग्नकार्यात किंवा मोठ्या सुट्टीतल्या एखाद्या दिवशी. म्हणूनच असेल, थंडी सुरू झाली की पालकसभेत हल्ली आम्हाला अभ्यासाबरोबर आणखी एक गोष्ट विचारली जाते. "एक रात्र सगळ्यांनी मिळून पवना धरणाकडे काढावी म्हणतो. तंबू कोणता घ्यावा?"

प्रश्न साधा वाटतो, पण वर्षातून जेमतेम एक रात्र मिळणार असेल तर ती चुकीच्या तंबूमुळे वाया जाऊ नये. ज्या घरात पहिल्या रात्री दादींची कंबर धरली, सुनेला कपडे बदलायला आडोसा मिळाला नाही आणि बाळ ओल्या गादीवर रडत राहिले, त्या घरात "पुन्हा जाऊ या" असे कोणी म्हणत नाही. त्यानंतर फिरायला जातात ते फक्त पुरुष आणि मोठी मुले. बायका आणि म्हाताऱ्या माणसांचे दार पुन्हा बंद होते. म्हणून आमचे सांगणे एकच आहे. तंबू निवडताना घरातल्या धडधाकट तरुणाकडे पाहू नका. ज्याला सर्वांत जास्त त्रास होईल, त्याच्याकडे पाहून निवडा.

पवनेचे नाव निघते ते उगीच नाही. चिंचवडहून कामशेतमार्गे पवनानगर चाळीसएक किलोमीटर. समोर तुंग आणि तिकोना, मागे लोहगड, विसापूर. आपल्या शहराचे पिण्याचे पाणी याच धरणातून पवना नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात. तेव्हा तिथे साबणाचे पाणी, उष्टे, डायपर टाकले तर ते आपण आपल्याच पाण्यात टाकतो, हे मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवावे.

आता तंबूकडे वळू. खोक्यावर 'चार माणसांसाठी' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ चार माणसे खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून झोपतील, एवढाच. एका माणसाला साधारण ६० सेंटिमीटर रुंदी धरलेली असते. कूस बदलायला जागा त्यात मोजलेली नसते. आमचा साधा हिशेब असा की घरात पाच माणसे असतील तर आकडा सात-आठचा पाहावा. चार असतील तर सहाचा.

याचीही परीक्षा घरीच होते. दुकानात तंबूच्या जमिनीचे माप लिहिलेले असते, समजा २१० बाय २४० सेंटिमीटर. म्हणजे सुमारे सात बाय आठ फूट. आपल्या वन-बीएचकेचा हॉल बहुधा दहा बाय बाराचा असतो. त्या हॉलमध्ये खडूने सात बाय आठचा चौकोन आखा आणि घरातल्या सगळ्यांना त्यात झोपायला सांगा. पिशव्याही आत ठेवा. मुलांना हा खेळ वाटेल, पण दोन मिनिटांत कळेल की कोणाचे पाय कोणाच्या तोंडाशी येतात.

जमिनीनंतर उंची. गोल घुमटासारखे तंबू स्वस्त आणि हलके असतात, पण बहुतेक लहान घुमटांची उंची चार-सव्वाचार फूटच असते. आत जायचे तर रांगत, बाहेर यायचे तरी रांगत. ज्यांचे गुडघे दुखतात आणि ज्यांना रात्री दोनदा उठावे लागते, त्या दादींना हे जमणार नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर उभे राहता येईल असा, सहा फुटांहून उंच तंबू घ्यावा. खोलीसारख्या किंवा बोगद्यासारख्या आकाराच्या तंबूंत ही उंची मिळते. ते वजनाला जड असतात, पण आपण तंबू पाठीवर घेऊन गड चढणार नाही, गाडीच्या डिकीत नेणार आहोत. नमाजही अशा तंबूत उभ्याने, शांतपणे अदा होते. आपल्या भागात किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला, सुमारे २८१ अंशांवर येतो. उजेड असतानाच होकायंत्रावर दिशा पाहून घेतली तर फजरच्या अंधारात शोधाशोध होत नाही.

यानंतर येतो पडद्याचा प्रश्न. दुकानदार तो काढत नाही, म्हणून आपणच काढायचा. मोठ्या तंबूंत मधोमध कापडी पडदा लावून दोन खोल्या करता येतात. एका बाजूला अम्मी, दादी आणि मुली, दुसऱ्या बाजूला अब्बू आणि मुले. बजेटमध्ये असा तंबू बसत नसेल तर दोन मध्यम तंबू दारासमोर दार करून लावावेत आणि मध्ये ताडपत्री ताणावी. पण दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, आतल्या थराला जाळी असते. वरचे आवरण उघडे टाकले तर बाहेरून आतले दिसते. दुसरी, रात्री बाहेर अंधार आणि आत दिवा असला की पातळ कापडाचा तंबू कंदील होतो. आतल्या माणसाची सावली सगळ्या तळाला दिसते. कपडे बदलताना दिवा मालवायचा हे मुलींना आधीच सांगावे, आणि घेताना जाड, गडद कापडाचा तंबू पसंत करावा. दुकानात मोबाइलची बॅटरी आत लावून बाहेरून पाहिले की कापडाचा खरेपणा कळतो. वुजू आणि हात-तोंड धुण्यासाठी चार काठ्या आणि दोन जुन्या चादरी नेल्या की कनात तयार.

आता पाणी. तंबूच्या कापडावर १५००, २०००, ३००० मिलिमीटर असे आकडे लिहिलेले असतात. कापडावर पाण्याचा तेवढा उंच स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. हलक्या सरीला १५०० पुरतात. वळवाची सर गाठेल अशी शंका असेल तर २००० ते ३००० पाहावेत. तळाच्या कापडाचा आकडा त्याहून मोठा हवा, कारण गुडघा किंवा कोपर टेकला की तिथे दाब वाढतो. शिवणींवर आतून चिकटवलेली पट्टी आहे का, हे बोट फिरवून पाहा. पाणी बहुधा कापडातून येत नाही, सुईच्या भोकांतून येते. हे सगळे असले तरी भर पावसाळ्यात मुलांना घेऊन मावळात तंबू ठोकू नये. तिथला पाऊस आकडे मोजत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

थंडीत पावसाची नाही, दवाची चिंता. गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून थेंब येतात, हे आम्ही वर्गात शिकवतो. तंबूतही तेच घडते. पाच माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि पहाटे पांघरुणावर ठिबकते. लोक म्हणतात, "तंबू गळतो." तो गळत नसतो, त्याला श्वास घ्यायला जागा नसते. म्हणून एकेरी कापडाचा नव्हे, दुहेरी थराचा तंबू घ्यावा. आत हवेशीर थर, बाहेर पाणी अडवणारे आवरण आणि दोहोंमध्ये हाताएवढी जागा. वरची खिडकी थोडी उघडी ठेवून झोपावे. थंडी खालून जास्त लागते, तेव्हा चटईवर सतरंजी आणि त्यावर गोधडी हवीच.

दांड्यांचे तीन प्रकार मिळतात. फायबरग्लास स्वस्त, पण वाकवताना चिरते. ॲल्युमिनियम हलके आणि महाग. लोखंडी नळ्या जड, मात्र उंच तंबूला भक्कम. सोबत मिळणारे खुंटे बहुधा नाजूक असतात. मुरमाड जमिनीत वाकतात, तळ्याकाठच्या मऊ मातीतून उपटून येतात. आपल्या भागात वर्कशॉपची काय कमतरता? आठ मिलिमीटरच्या सळईचे, फूटभर लांबीचे, वर आकडा वळवलेले दहा-बारा खुंटे करून घ्यावेत. ठोकताना खुंट्याचे डोके तंबूपासून दूर झुकलेले ठेवावे, म्हणजे दोरी ताणली की तो निघत नाही. दोऱ्यांना पांढरे फडके बांधले तर अंधारात धावणारी मुले अडखळत नाहीत.

फेकताच उघडणारे तंबू मुलांना फार आवडतात. ते उघडायला क्षण लागतो, मिटायला मात्र सराव लागतो, आणि त्यांची मोठी गोल पिशवी लहान गाडीत मावत नाही. डेकॅथलॉनसारख्या दुकानांत तंबू उभे करून ठेवलेले असतात. तिथे दादींना घेऊन जा आणि त्यांना आत जाऊन, बसून, उठून बाहेर यायला सांगा. त्या सहज आल्या तर तो तंबू तुमचा.

विकत घ्यायचाच असे नाही. पवनेकाठी तयार तळ आहेत आणि पहिल्यांदा भाड्याने राहून पाहणे शहाणपणाचे. पण आरक्षणाआधी फोनवर स्पष्ट विचारावे. कुटुंबांची जागा वेगळी आहे का? स्त्रियांचे शौचालय किती पावलांवर आहे? जेवण हलाल मिळेल का, की आपले आणू द्याल? गाणी रात्री दहाला बंद होतात का? रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला कायद्याने मनाई आहे, हे नम्रपणे सांगता येते. उत्तरे टाळाटाळीची आली तर दुसरा तळ पाहावा.

आता ज्यात तडजोड नाही, त्या गोष्टी. घरात हजला जाऊन आलेले कोणी असेल तर मिनाच्या खैम्यांची आठवण त्यांच्याकडून मुलांनी जरूर ऐकावी. १५ एप्रिल १९९७ रोजी तिथे आग लागली. सुमारे ७० हजार तंबू जळाले आणि ३४३ हाजींनी प्राण गमावले. त्यानंतर तिथे टेफ्लॉनचा लेप दिलेल्या, आगीला दाद न देणाऱ्या फायबरग्लासच्या कापडाचे तंबू उभारले गेले. आपल्या बाजारातले नायलॉन आणि पॉलिएस्टर तसे नसते. ते वितळत, अंगाला चिकटत जळते. म्हणून तंबूत गॅस नाही, मेणबत्ती नाही, मच्छर अगरबत्तीही नाही. चूल तंबूपासून दहा-पंधरा पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. आणि कितीही थंडी असो, निखाऱ्यांची शेगडी आत घेऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

पाण्याच्या अगदी काठावर तंबू लावू नये. धरणाचा काठ चिखलाचा असतो आणि खोली अचानक वाढते. मुलांसाठी एक रेषा आखून द्यावी, तिच्यापुढे मोठ्या माणसाशिवाय जायचे नाही. काही जण म्हणतील, एवढे करण्यापेक्षा गावी मामूंच्या शेतात तंबू टाकू. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. तिथे मामूंकडे जरूर जावे, रात्री मात्र घरात झोपावे.

सराव करायचा तर सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवर करावा. एका संध्याकाळी तंबू उभारा, पाण्याचा पाइप वरून दहा मिनिटे सोडा, आतून शिवणी तपासा, मग पूर्ण वाळवून घडी घाला. ओला ठेवलेला तंबू आठवड्यात बुरशी धरतो. मुलांना खुंटे मोजायला लावा आणि कोणते काम कोणाचे हे ठरवून टाका. फोड-जोड दोनदा झाली की पवनेच्या वाऱ्यात हात थरथरत नाहीत.

किंमत आम्ही शेवटी ठेवली, कारण ती शेवटीच पाहावी. आधी हॉलमधला खडूचा चौकोन, मग दादींचे गुडघे, मग पडदा, मग पाणी. या चार चाळण्यांतून जे दोन-तीन तंबू उरतील, त्यांतला परवडणारा घ्यावा. एवढा पैसा एका घराला जड जात असेल तर दोन भावांनी किंवा दोन शेजाऱ्यांनी मिळून एक घ्यावा आणि पाळीपाळीने वापरावा. एकाची सुट्टी गुरुवारी आणि दुसऱ्याची रविवारी असेल, तर आपल्या या पट्ट्यात त्यावरून भांडणही व्हायचे नाही.