हलक्या वजनाचे मोल

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 8 ऑगस्ट 2024 रोजी फ्रीस्टाइल कुस्तीच्या 57 किलो गटात भारताचा अमन सेहरावत उपान्त्य फेरीत जपानच्या रेइ हिगुचीकडून 10-0 असा पराभूत झाला. पुढे हिगुचीने सुवर्णपदक घेतले आणि अमनने कांस्यपदक. जुलै 1952 मध्ये हेलसिंकी येथे, याच 57 किलो गटात, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांना जपानच्याच शोहाची इशी याने हरविले होते. इशी सुवर्णपदकाचा मानकरी ठरला आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. गट तोच, प्रतिस्पर्धी देश तोच आणि पदकांचे वाटपही तेच! योगायोग म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती. परंतु या 72 वर्षांत हलक्या वजनाच्या खेळाडूंचे जपानने काय केले आणि महाराष्ट्राने काय केले, हा प्रश्न योगायोगाचा नाही.

वस्तुतः वजनी गट ही कुस्ती व मुष्टियुद्ध या खेळांनी लहान चणीच्या समाजांना दिलेली मोठीच सवलत आहे. शंभर मीटरच्या शर्यतीत किंवा बास्केटबॉलमध्ये उंच माणसाशी ठेंगण्यालाच झुंजावे लागते. आखाड्यात व रिंगणात तसे नाही. पन्नास ते साठ किलो वजनाचा, काटक, चपळ तरुण ही आशियातील खेड्यापाड्यांत मुबलक आढळणारी संपत्ती आहे. अर्थशास्त्रात ज्याला तुलनात्मक लाभ म्हणतात तो आपल्याला आणि जपानला नेमका येथेच आहे. अर्थात, संपत्ती जमिनीत असणे वेगळे आणि ती वर काढणे वेगळे. वर काढण्यास खर्च येतो, आणि तो कोणी करावयाचा यावरच सारे अवलंबून राहते.

खाशाबांच्या बाबतीत तो कोणी केला हे महाराष्ट्राला ऐकून माहीत आहे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने, आणि फ्लायवेट गटात सहावे आले. गादीवरील कुस्तीचा अनुभव जवळजवळ नसताना मिळविलेले ते स्थान होते. 1952 साली निवडीचा वाद झाला, फेरलढत घ्यावी लागली आणि निवड झाल्यावर पैशाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले, असे सांगतात. एका शिक्षकाचे घर गहाण पडले तेव्हा स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. पदक घेऊन आलेल्या खाशाबांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. पण त्यानंतर त्यांनी काय केले, तर कुस्त्या भरवून पैसा जमविला आणि खर्डेकरांचे कर्ज फेडले! इशीशी झालेल्या झुंजीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देता रशियाच्या मल्लासमोर उभे करण्यात आले, आणि त्याविरुद्ध तक्रार करावयास भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, ही हकीकतही सर्वश्रुत आहे. पैसा, माहिती आणि पाठीशी उभा राहणारा माणूस या तिन्हींची उणीव एकट्या खाशाबांच्या अंगबळाने भरून काढावयाची होती.

त्याच वर्षी, हेलसिंकीच्या दोनच महिने आधी, 19 मे 1952 रोजी टोकियोच्या कोराकुएन स्टेडियममध्ये योशिओ शिराई हा मुष्टियोद्धा डॅडो मारिनो याला हरवून फ्लायवेट गटाचा जगज्जेता झाला. शिराईचे वजन होते जेमतेम 51 किलो. अमेरिकी ताबा संपून जपान पुन्हा सार्वभौम झाला त्यास तीन आठवडेच लोटले होते, आणि हा त्या देशाचा पहिलाच मुष्टियुद्धातील जागतिक विजेता होता. शिराईच्या मागेही प्रथम उभी राहिली ती कोणती संस्था नव्हे, तर एक व्यक्ती. अमेरिकी प्रशासनात काम करणारे अल्विन कान हे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी शिराईच्या पोटाची चिंता वाहिली, नीट आहार पुरविला आणि त्याला ठोशांची देवघेव करण्यापेक्षा ठोसा चुकविण्याची कला शिकविली. युद्धानंतरच्या उपाशी टोकियोत आहार ही सहज मिळणारी वस्तू नव्हती. शिराईने चार वेळा आपले विजेतेपद राखले आणि नोव्हेंबर 1954 मध्ये अर्जेंटिनाच्या पास्कुआल पेरेझकडून ते गमावले. प्रशिक्षक आणि खेळाडू यांचा स्नेह मात्र पुढेही टिकला.

इथपर्यंत दोन कहाण्या बऱ्याच सारख्या आहेत. दोन्ही देश नुकतेच स्वतःचे धनी झालेले, दोन्ही खेळाडू हलक्या वजनाचे, दोघांचाही आधार म्हणजे एकेक अध्यापक वृत्तीचा माणूस. फरक पडला तो यानंतर.

शिराईच्या लढतीच्या सुमारास जपानमध्ये मुष्टियुद्धाचे नियंत्रण करणारे आयोग स्थापन झाले होते. पुढच्याच वर्षी तेथे दूरचित्रवाणी सुरू झाली आणि तिने हलक्या वजनाच्या मुष्टियोद्ध्यांना घराघरांत नेले. 1962 मध्ये ‘फायटिंग’ हाराडा एकोणिसाव्या वर्षी फ्लायवेटचा आणि 1965 मध्ये ब्राझीलच्या एडेर जोफ्रेला नमवून बँटमवेटचा जगज्जेता झाला. त्याची आणि जोफ्रेची 1966 मधील दुसरी लढत जपानमधील 60 टक्क्यांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिली. म्हणजे 53 किलोच्या माणसासाठी तेथे बाजारपेठ तयार झाली. जाहिरातदार आले, व्यायामशाळा निघाल्या, नवोदितांसाठी नियमित स्पर्धा सुरू झाल्या. 1976 ते 1981 या काळात ओकिनावाच्या योको गुशिकेन याने लाइट फ्लायवेटचे, म्हणजे 49 किलोंचे विजेतेपद 13 वेळा राखले. आणि 6 मे 2024 रोजी नाओया इनोउए याने टोकियो डोममध्ये लुइस नेरीला हरविले तेव्हा 55 किलो वजनाच्या या माणसाला पाहण्यास सुमारे 40,000 लोक लोटले होते. त्या डोममध्ये मुष्टियुद्धाचा कार्यक्रम झाला होता तो त्यापूर्वी 1990 मध्ये, आणि तोही माइक टायसन या वजनदार विजेत्याचा. इनोउए 2014 मध्ये 49 किलो गटात प्रथम विजेता झाला आणि चार गटांत वर चढत गेला. दोन गटांत तर चारही जागतिक संघटनांचे पट्टे त्याने एकत्र केले. त्याचा पिता हाच त्याचा प्रशिक्षक. परंतु पित्याला घर गहाण ठेवावे लागले नाही. कुस्तीतही तेच दिसते. पॅरिसमध्ये जपानने कुस्तीत एकूण आठ सुवर्णपदके मिळविली.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. ऑगस्ट 2025 मध्ये कोराकुएन हॉलमधील एकाच दिवसाच्या कार्यक्रमात लढलेले दोन जपानी मुष्टियोद्धे मेंदूच्या इजेने मरण पावले. वजन उतरविण्यासाठी शरीरातील पाणी आटविण्याची पद्धत आणि मेंदूला होणारी इजा यांचा संबंध काय, असा प्रश्न त्यानंतर विचारला जाऊ लागला. शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे विनेश फोगाट पॅरिसमध्ये अंतिम लढतीपूर्वी बाद ठरली, ते दुःख आपल्या आठवणीत ताजे आहे. काट्यावरचे वजन हा हलक्या गटातील खेळाडूचा शत्रू असतो. म्हणूनच त्याच्याजवळ आहारतज्ज्ञ व वैद्य असणे ही चैन नसून गरज असते.

आता महाराष्ट्राकडे वळले तर प्रथम जाणवते ती ही गोष्ट की, येथे कुस्तीला बाजारपेठ नाही असे मुळीच नाही. यात्रांच्या हंगामात धरणगाव, एरंडोल, अमळनेर या पट्ट्यातील गावागावांत दंगली भरतात. माणसे बैलगाडीने, मोटारसायकलने, टेम्पोने येतात. दुपारी पोरांच्या कुस्त्या किरकोळ इनामावर लागतात, ऊन कलू लागले की इनाम वाढत जाते, आणि शेवटची मोठी कुस्ती होते ती दोन धिप्पाड मल्लांची. सर्वांत मोठी रक्कम त्यांच्यासाठी राखलेली असते. राज्य पातळीवरही हेच आहे. 1961 पासून चालत आलेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा ज्या गटासाठी आहे तो साधारण 86 किलोंच्या पुढचा. वजनी गटांच्या कुस्त्या त्याच अधिवेशनात होतात, पण त्यांच्या विजेत्यांची नावे दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाहीत. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्याचा विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षे केसरी झाला आणि पोलीस उपअधीक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. खानदेशाला त्याचा सार्थ अभिमान आहे. परंतु 57 किलोचा एखादा खानदेशी मुलगा तीन वर्षे राज्यविजेता ठरला, तर त्याची मिरवणूक कोठे निघेल?

किमतीच्या इशाऱ्यावर माणूस चालतो. मोठे इनाम मोठ्या देहाला मिळते म्हटल्यावर हलक्या चणीचा मुलगा एक तर खुराकाने वजन वाढवीत बसतो आणि ज्या गटात त्याला नैसर्गिक लाभ आहे तो सोडून देतो, किंवा आखाडाच सोडतो. तुलनात्मक लाभाच्या विरुद्ध दिशेला आपणच त्याला ढकलतो. बीडच्या राहुल आवारेने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्ण आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य मिळविले. पण त्याला त्यासाठी पुण्याच्या तालमीत वर्षानुवर्षे राहावे लागले. असे राहणे किती घरांना परवडते?

हिशेब अवघड नाही. वाढत्या वयाच्या मल्लाला रोज 2 लिटर दूध धरले आणि लिटरला 60 रुपये धरले, तरी महिन्याला नुसत्या दुधाचे 3600 रुपये होतात. लांब धाग्याच्या कापसाचा 2024-25 या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. म्हणजे बदाम, तूप, वस्तादाची गुरुदक्षिणा, गादी, प्रवास हे सारे बाजूस ठेवले, तरी वर्षाकाठी पावणेसहा क्विंटल कापूस केवळ दुधात जातो. धरणगाव परिसरात जिनिंगची धुराडी आहेत, बाजार आहे, सुरत-भुसावळ मार्गावरील स्थानक आहे. पण कोरडवाहू एकरात एवढा कापूस दरवर्षी निघेलच असे नाही. हा खर्च मुलाच्या चौदाव्या वर्षापासून सातत्याने करावा लागतो, आणि त्यातून काही निष्पन्न होईल याची शाश्वती नसते. जोखीम मोठी, परतावा दूरचा आणि कर्ज देणारा कोणी नाही. अशा ठिकाणी खाजगी गुंतवणूक येत नाही, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो.

आपली राज्ये मात्र पैसा ओततात तो उलट टोकाला. हरियाणाने ऑलिंपिक सुवर्णासाठी 6 कोटी रुपयांचे बक्षीस ठेवले, आणि इतरांनी त्याचे अनुकरण सुरू केले. बक्षिसाला विरोध करण्याचे कारण नाही. खाशाबांची उपेक्षा झाली हे लक्षात घेता तर मुळीच नाही. 1955 मध्ये पोलीस खात्यात शिरलेले खाशाबा 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळाने. तथापि पदकानंतरचे कोटी रुपये पदकापूर्वीचे दूध विकत घेऊ शकत नाहीत. ज्याला पदक मिळाले त्याने ती सारी वर्षे कोणाच्या तरी खर्चाने आधीच पार पाडलेली असतात. 2024 मध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारा कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्निल कुसाळे हा राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. खाशाबांनंतर वैयक्तिक पदक मिळविणारा तो पहिला महाराष्ट्रीय. शासनाने पूर्वखर्च उचलला तेथे फळ आले.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. 48 ते 61 किलो गटांतील शाळकरी मल्ल व मुष्टियोद्धे तालुकावार निवडून त्यांना खुराकाची रक्कम दरमहा, पदकाची वाट न पाहता, शाळेमार्फत द्यावी; त्यांची वैद्यकीय तपासणी जिल्हा क्रीडा कार्यालयाने करावी. दंगलीच्या पंचमंडळींना तर शासनाच्या आदेशाचीही गरज नाही. शेवटच्या कुस्तीच्या इनामातून काही हजार काढून 57 किलोच्या एका कुस्तीला लावले आणि ती सायंकाळी, माणसे भरलेली असताना लावली, तर पुढच्या यात्रेत त्या गटासाठी कितीजण वजन द्यावयास येतात, हे मोजून पाहता येईल.