ग्वारीघाटावरून जाहीर इशारा: नर्मदा जयंतीपर्यंत लेखी हिशेब द्या

प्रति,
मध्य प्रदेश शासन, जबलपूर महानगरपालिका आणि 2027 व 2028 च्या निवडणुकांत या घाटावर हात जोडायला येणारे सगळे पक्ष,

10 जून 2023 रोजी तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी लाडली बहना योजनेचा हजार रुपयांचा पहिला हप्ता जबलपुरातूनच राज्यभरातल्या बायकांच्या खात्यात टाकला. दोनच दिवसांनी, 12 जूनला, प्रियांका गांधी इथल्या ग्वारीघाटावर आल्या. त्यांनी नर्मदेची पूजा केली आणि त्याच दिवशीच्या सभेत बायकांना महिना दीड हजार रुपये, पाचशे रुपयांत सिलिंडर आणि शंभर युनिटपर्यंत वीज माफ, अशी वचनं दिली. निवडणुकीआधीच सत्ताधाऱ्यांनी सिलिंडर 450 रुपयांवर आणला. हजाराचा हप्ता साडेबाराशे झाला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये दीड हजारावर गेला.

या चढाओढीत दोन गोष्टींवर कुणी बोलीच लावली नाही. एक, गरिबाच्या खोलीतला चुलीचा धूर. दुसरी, नर्मदेत उतरणारं शहराचं मैलापाणी.

आम्ही घाटावर आणि घाटामागच्या वस्त्यांत राहणारी माणसं आहोत. आमच्यात नावाडी आहेत, फुलं-दिवे विकणाऱ्या बायका आहेत, बरगी धरणानं गावं बुडवल्यावर मजुरीसाठी शहरात आलेल्यांची पोरं आहेत. भोसल्यांच्या अमलापासून इथं राहिलेली आणि गन कॅरेज फॅक्टरीत आयुष्य काढलेली मराठी कुटुंबंही आहेत. आम्ही सगळे तुम्हाला बजावून सांगतो: धुरानं आणि घाण पाण्यानं आणलेल्या आजारात जो पैसा जातो, तो आम्हाला मिळाला असं आम्ही मानणार नाही. रोख रकमेचा आणि आरोग्याचा हिशेब एकत्र द्या. मुदत येत्या नर्मदा जयंतीपर्यंत, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीपर्यंत.

आम्ही अनुदानाच्या विरोधात नाही, हेही स्पष्ट करतो. जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांनी फुकटच्या सवलतींची ‘रेवडी’ वाटण्यावर टीका केली आणि तेव्हापासून गरिबाच्या हातात पडणारा प्रत्येक रुपया संशयाच्या नजरेनं पाहिला जातो. आम्हाला ते मान्य नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात आलेल्या दीड हजारांनी घरात तिचा शब्द वाढतो. ही भीक नाही. पण अर्धवट राबवलेली सवलत माणसाला आणखी खड्ड्यात घालते, आणि आमची तक्रार तिथूनच सुरू होते.

सिलिंडरबद्दल

संध्याकाळच्या आरतीला द्रोणात फुलं आणि वात ठेवून दिवे विकणारी बाई घ्या. तिची कमाई रोजची आणि सुट्या नाण्यांची. 450 रुपयांचा सिलिंडर तिला 450 ला मिळत नाही. दारात आलेल्या माणसाच्या हातावर पूर्ण बाजारभाव ठेवावा लागतो आणि वरचे पैसे मागाहून बँकेत येतात. हातावर पोट असलेल्या घरात एवढी रक्कम एकदम निघत नाही. मग रिकामी टाकी कोपऱ्यात जाते, तिच्यावर गोणपाट पडतं आणि तीन विटांची चूल मांडली जाते. दोन गोवऱ्या, ओलसर लाकडं, वर भाताचं पातेलं. खोलीला एकच दार. मांडीवर लहान पोर. दारातून निघेल तेवढा धूर बाहेर जातो, उरलेला दोघांच्या छातीत.

1 मे 2016 ला उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा चूल संपवायचं ठरलं होतं. गॅसची कनेक्शनं दहा कोटींच्या वर गेली. पण सरकारच्याच आकड्यांनुसार उज्ज्वलाचं कुटुंब 2019-20 मध्ये वर्षाला सरासरी 3 सिलिंडर घेत होतं आणि 2024-25 मध्ये 4.47. एवढ्यात वर्षभराचा स्वयंपाक होत नाही, म्हणजे उरलेले महिने चूलच पेटते. असं असताना 300 रुपयांच्या केंद्रीय अनुदानाला पात्र सिलिंडर वर्षाला 12 होते, ते 2025-26 साठी 9 केले गेले. उज्ज्वलाबाहेरच्या मध्यमवर्गाचं गॅस अनुदान तर जून 2020 पासूनच थांबलं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं महाराष्ट्रात सुमारे 80 टक्के आढळली. मध्य प्रदेशात ती 40 टक्क्यांच्या आसपास होती. घरातल्या धुरानं 2020 मध्ये जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले आणि त्यांत दोन लाखांहून जास्त पाच वर्षांखालची मुलं होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गॅसची सवलत ही तुम्ही महागाईवरची मलमपट्टी समजता. आमच्या लेखी ती पोलिओच्या डोसासारखी आहे: पूर्ण दिली तर उपयोग, अर्धी दिली तर रोग तसाच.

साठीनंतरच्या बायकांबद्दल

लाडली बहना योजनेत 21 ते 60 वयाच्या बायका येतात. साठी ओलांडली की नाव कटतं आणि त्याबरोबर या योजनेतून मिळणारी सिलिंडरची सवलतही जाते. चाळीस वर्षं चुलीपुढं बसलेल्या बाईला नेमकी याच वयात दम्यासारखी धाप लागते, जिना चढवत नाही, रात्री उशाला टेकून बसावं लागतं. तिच्या हातात उरते ती महिना 600 रुपयांची सामाजिक सुरक्षा पेन्शन. उज्ज्वलातही तिचं नाव नसेल तर गॅस गेला. ज्या बाईला धुरापासून सगळ्यात आधी दूर करायला हवं, तिलाच यादीतून आधी काढलं जातं. हा नियम कुणी आणि कशाच्या आधारावर केला, याचं उत्तर द्या.

कनेक्शन तिच्या स्वतःच्या नावावर हवं, हीही अट आहे. नवरा वारला आणि कार्ड त्याच्याच नावावर राहिलं, की तिनं कागद घेऊन फेऱ्या मारायच्या, रोजगार बुडवायचा आणि तोवर बाजारभावानं गॅस घ्यायचा किंवा चूल पेटवायची.

पाण्याबद्दल

मे 2017 मध्ये मध्य प्रदेशच्या विधानसभेनं नर्मदेला जिवंत अस्तित्व मानणारा ठराव केला. त्याच सुमारास पाच महिने अमरकंटकपासून नर्मदा सेवा यात्रा चालली. ठराव आणि यात्रा झाल्या, पण शाह नाल्यासारखे नाले शहराची घाण नदीकडे आणतच राहिले. याच नदीचं पाणी लालपूरच्या शुद्धीकरण केंद्रातून शहराच्या नळांना जातं. घाटावर आचमन करणारा यात्रेकरू आणि नळ उघडणारी गृहिणी, दोघांचं आरोग्य या एका पाण्यावर आहे.

नदीत अंघोळीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मानक स्पष्ट आहे: 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले जिवाणू 500 पर्यंत असावेत, आणि कोणत्याही परिस्थितीत 2500 च्या वर नसावेत. ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर आज सकाळी हा आकडा किती होता, ते पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला कळलं पाहिजे.

नाल्यांसाठीची मुदत आम्ही नव्यानं घालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 22 फेब्रुवारी 2017 ला सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी स्थानिक संस्थांना तीन वर्षं दिली होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं पुढं बजावलं की 1 एप्रिल 2020 नंतर विनाप्रक्रिया वाहणाऱ्या प्रत्येक नाल्यामागे महिन्याला 5 लाख रुपये भरपाई आकारली जाईल. त्या तारखा उलटून वर्षं झाली.

हे कुठवर जाऊ शकतं ते आमच्याच राज्यानं पाहिलं आहे. डिसेंबर 2025 मध्ये इंदूरच्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं, शेकडो लोक आजारी पडले आणि माणसं दगावली. स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षं पहिलं येणारं ते शहर, आणि तिथल्या नळालाही नर्मदेचंच पाणी. तिथं झालं ते जबलपुरात होणार नाही, असं छातीठोकपणे सांगणारा अधिकारी पुढं यावा आणि त्यानं सही करून द्यावी.

दवाखान्याबद्दल

आयुष्मान भारत योजना सप्टेंबर 2018 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण देते, पण ते मुख्यतः दाखल झाल्यावर. पोराला जुलाब लागले, आईला खोकला सुटत नाही, आजीला इनहेलर हवा, हा सगळा खर्च खाटेवर न पडता होतो आणि तो खिशातूनच जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. 2017 च्या आरोग्य धोरणानं सरकारी खर्च 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं वचन दिलं होतं. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता.

फुप्फुसांच्या आजारांसाठीची संस्था याच शहरात, नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात आहे. आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही जबलपुरातच आहे. ज्ञान इथं आहे, यंत्रं इथं आहेत. घाटामागच्या वस्तीत येऊन बायकांची श्वासाची तपासणी करायला कोण अडवतंय, ते सांगा.

आमच्या मागण्या

1. सिलिंडरची सवलत दारातच वजा करा. बाईनं 450 मोजावेत आणि टाकी घ्यावी. बाकीचे पैसे सरकार आणि गॅस कंपनीनं आपसात पाहावेत.

2. गॅसच्या सवलतीला साठीची अट काढा. वारलेल्या नवऱ्याच्या नावावरचं कनेक्शन वस्तीतच शिबिर लावून एका दिवसात बायकोच्या नावावर करा.

3. नर्मदेत उतरणाऱ्या प्रत्येक नाल्याचं नाव, त्यातलं पाणी किती, प्रक्रिया किती, याची यादी जाहीर करा. पाण्याच्या तपासणीचे आकडे दर आठवड्याला ग्वारीघाटावर फलकावर लावा. तपासणी महापालिकेची एकटीची नको, बाहेरच्या प्रयोगशाळेचीही हवी. वस्त्यांतल्या शेवटच्या नळाचं पाणीही तपासा.

4. हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार जबलपूरवर किती भरपाई बसली, ती कुणी भरली आणि कशावर खर्च झाली, ते सांगा.

5. सरकारी संजीवनी क्लिनिक संध्याकाळी उघडं ठेवा, कारण दिवसा आम्ही कामावर असतो. तिथं श्वासाची तपासणी, इनहेलर, क्षारसंजीवनी आणि रोजची औषधं मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत.

यातली एकही मागणी अशक्य नाही. लाडली बहनासाठी 2025-26 च्या अर्थसंकल्पात 18 हजार कोटींहून जास्त रक्कम होती. एवढा पैसा महिन्याच्या हप्त्यांनी सव्वा कोटी खात्यांत बिनचूक पोहोचवणाऱ्या शासनाला एका घाटावर फलक लावता येत नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना

हा इशारा तुमच्याही सरकारला लागू आहे. जुलै 2024 पासून तिकडेही लाडकी बहीण आहे. अन्नपूर्णा योजनेतले तीन मोफत सिलिंडरही आधी पैसे मोजून मग खात्यावर परतावा घेण्याचेच. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय खात्याचा निधी लाडकी बहीणकडे वळवल्याची तक्रार त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघडपणे केली. एका योजनेसाठी दुसऱ्या गरिबाचा घास काढला जातोय का, हे तुम्ही तिकडे विचारा.

आणि नर्मदा परिक्रमेला येणाऱ्या मराठी माणसांनो, तुम्ही मैयाचं जल बाटलीत भरून घेता, किनाऱ्यावरच्या घरांत भाकरी खाता, आशीर्वाद घेता. ज्या चुलीवर तुमची भाकरी झाली, तिच्या धुराबद्दलही गावी जाऊन बोला. फलकावरचा आकडा मागणाऱ्यांत तुमचाही आवाज हवा.

मुदत टळली तर

माघ शुद्ध सप्तमीपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी आम्ही घाटाच्या आणि नळांच्या पाण्याचे नमुने स्वखर्चानं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू आणि निकाल आरतीच्या गर्दीत मोठ्यानं वाचू. 2010 च्या कायद्याखाली हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ खंडपीठाकडे अर्ज करू. प्रत्येक मागणीवर माहितीच्या अधिकारात अर्ज जाईल, एका वस्तीतून एक नाही, एका घरातून एक.

2027 ची महापालिका आणि 2028 ची विधानसभा, दोन्ही वेळा या घाटावर पूजेला येणाऱ्या उमेदवाराच्या शेजारी आमचा एकही माणूस उभा राहणार नाही. तुमच्या सभेला गर्दी आमच्या वस्तीतून जाणार नाही. हप्ता वाढवल्याची घोषणा केलीत तर आम्ही नाल्याचा आकडा विचारू, आणि तो मिळेपर्यंत मत देणार नाही. यात दगड उचलला जाणार नाही, रस्ता अडवला जाणार नाही. पण हप्त्याच्या बदल्यात आमचं तोंड बंद राहील, हा हिशेब आजपासून सोडून द्या.

उत्तर लेखी द्या, तारीख टाकून द्या आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीनं द्या. माघ शुद्ध सप्तमीच्या सूर्यास्तापर्यंत ते आलं नाही, तर आम्ही तो नकार समजू आणि वर सांगितलं तसं, एकही पाऊल कमी न करता, वागू.