शर्यतीच्या खोंडाचा खुराक

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि जुन्नर-आंबेगावचे घाट पुन्हा गजबजले. मुलाचा खोकला दाखवावयास आलेले पालक आता गोठ्यातील खोंडाच्या खुराकाविषयीही विचारतात. मी माणसांचा डॉक्टर. खोंडाचे उपचार पशुवैद्यकानेच करावेत. तथापि एक सूत्र मुलाला व खोंडाला सारखेच लागू पडते : वाढत्या देहाला घाईने पुष्ट करू नये.

खोंड रवंथ करणारा प्राणी असल्याने वैरण हाच त्याच्या आहाराचा पाया. शर्यत जवळ आली म्हणून भरडा किंवा कणकेचे गोळे एकाएकी वाढविल्यास पोटात आम्ल साचते, शेण पातळ होते, प्रसंगी जनावर दगावते. खुराक दोन-तीन आठवड्यांत थोडाथोडा वाढवावा. क्षारमिश्रण व स्वच्छ पाणी नित्य द्यावे. बरगड्यांवरून तळहात फिरवून पाहावा : त्या हाताला सहज जाणवाव्यात, परंतु ठळक उठून दिसू नयेत. अंगावरील अनावश्यक चरबीचा भार अखेर कोवळ्या सांध्यांवरच पडतो.

खोंडाने रवंथ करणे थांबविल्यास पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. सकाळची वाट पाहू नये.