बियाण्याला लेबल, मग पदवीला का नाही?



मृगाच्या तोंडावर आपण दुकानातून ज्वारीची पिशवी उचलतो. प्रमाणित बियाणे असेल तर उगवणशक्ती किमान ७५ टक्के असावी लागते, आणि ती पिशवीच्या लेबलावर लिहावी लागते. १९६६ च्या बियाणे कायद्याचे तसे बंधन आहे. तरीही आम्ही गावोगाव सांगत आलो की नुसत्या लेबलावर जाऊ नका. शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, मोड किती येतात ते पाहा आणि मगच तिफण जुंपा.

त्याच दिवसांत घरात दुसरी खरेदी होते. पोराचा, पोरीचा कॉलेजप्रवेश. कापसाचे आलेले पैसे फी, खोलीभाडे, खानावळ आणि एस.टी.च्या पासात जातात. बियाण्याच्या कितीतरी पट रक्कम. त्या मालाला लेबल कोणते? गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक, त्यावर इमारतीचा आणि संस्थापकांचा फोटो. वर्षात तास किती झाले, प्राध्यापकांच्या जागा किती रिकाम्या आहेत, गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेली मुले आज काय करतात, यातला एकही आकडा बहुतेक माहितीपत्रकांत सापडत नाही.

साहेब लोक म्हणतील, तपासणी आहे ना! आहे. १९९४ साली नॅक स्थापन झाली, ती कॉलेजांचे मूल्यांकन करते. २०१७ च्या नव्या पद्धतीत तिने 'विद्यार्थी समाधान सर्वेक्षण' आणले. अभ्यासक्रम किती शिकवला, शिक्षक तयारी करून येतात का, असे वीसेक प्रश्न. प्रश्न चांगले आहेत. पण विचारतात कोणाला? आज कॉलेजात असलेल्या मुलांना. पिशवी अजून फोडलीही नाही आणि दुकानदार विचारतो, 'पाटील, समाधानी आहात ना?' पदवीची उगवण कळते ती दोन वर्षांनी, पोरगा नोकरीच्या अर्जांची फाईल घेऊन घरी बसतो तेव्हा. तेव्हा त्याला विचारायला कोणी येत नाही.

आणि समाधान म्हणजे दर्जा नव्हे. जिथे तास होत नाहीत, हजेरी आपोआप लागते आणि परीक्षेत कॉपी चालते, तिथली मुले सर्वांत समाधानी असू शकतात. पीक हिरवेगार दिसले म्हणजे बोंडे लागली असे होत नाही. युरियाच्या जोरावर नुसत्या वाढलेल्या पऱ्हाटीने आपल्याला हे शिकवले आहे.

आता कायद्याची गंमत पाहा. २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि बियाणे निकृष्ट निघाले तर तो ग्राहक मंचात भरपाई मागू शकतो. त्याच्या दोन वर्षे आधी, २०१० साली, रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले होते की विद्यार्थी ग्राहक नाही आणि विद्यापीठ सेवा विकत नाही. म्हणजे दोनशे-चारशे रुपयांच्या पिशवीला आपण ग्राहक, आणि वर्षाचे सगळे पीक ओतले की आपण कोणीच नाही! शिक्षण पवित्र आहे, त्याचा बाजार करू नका, असे आम्हाला ऐकवतात. फी घेताना हे पावित्र्य कुठे जाते?

आमचे भांडण तासिका तत्त्वावर राबणाऱ्या मास्तरांशी नाही. त्यांची गत सालगड्याहून बरी नाही, आणि त्यातले बरेच आपल्याच घरचे आहेत. आम्ही स्वतः शेतीची पदवी घेतली, तेव्हा आमच्या बापाने एकच प्रश्न विचारला होता, 'पास झाला का?' काय शिकला, हे विचारायचे त्याच्या मनातही आले नाही. आपणही तसेच करत आलो. दोष थोडा आपलाही आहे.

म्हणून या जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडतो. प्रवेशाच्या आधी प्रत्येक कॉलेजने चार आकडे फळ्यावर लावावेत : ठरलेले तास आणि झालेले तास, मंजूर जागा आणि भरलेल्या जागा, फी किती आणि ती कोणत्या बाबींवर खर्च झाली, आणि तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांपैकी किती जण कोणत्या कामाला लागले.

ठराव मंजूर होईल, सरकार तो दप्तरात बांधून ठेवील. तोवर थांबू नका. कोऱ्या कागदावर हे चार प्रश्न लिहा आणि गावातली पाच-सात घरे मिळून कॉलेजात जा. शेजारच्या गावातून तिथे शिकून आलेल्या दहा मुलांना गाठा आणि त्यांनाही विचारा. ही आपली गोणपाटातली चाचणी.

कॉलेजने आकडे दिले तर पडताळून पाहा. नाही दिले, तर तेही उत्तरच समजा. उगवण न सांगणाऱ्या दुकानातून बी घेऊन आपण रान पेरत नाही. मग पोरांची वर्षे तरी का पेरावीत?