खटका न वाजणारं बटण

काही माणसांना मांजर आडवं गेलेलं चालत नाही. काहींना आमटीत गूळ चालत नाही. मला कॉम्प्युटरच्या पडद्याचा मोबाईलनं काढलेला फोटो चालत नाही. "मास्तरकी सुटली, पण लाल शाई सुटली नाही," असं आमची ही म्हणते. म्हणेना का! पण ज्या कामासाठी कॉम्प्युटरवर एक अख्खं बटण दिलेलं आहे, ते काम बटण सोडून बाकी सगळ्यानं करणाऱ्या माणसाला मी गुण द्यावेत तरी कशाचे?

तो फोटो कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहेच; आज सकाळीच एखादा आला असेल. पडदा जत्रेतल्या आरशात पाहिल्यासारखा तिरपा. मधोमध ट्यूबलाईट. तिच्याखाली फोटो काढणाऱ्याची सावली. कोपऱ्यात अंगठा. आणि सगळ्या मजकुरावर इंद्रधनुष्यी लाटा. पडद्यावर बारीक ठिपक्यांची जाळी असते, कॅमेऱ्याच्या पोटातही तशीच एक असते. दोन मच्छरदाण्या एकीवर एक धरून पाहा, म्हणजे या लाटा कुठून येतात ते कळेल. पाठवणाऱ्याला त्या खुपत नाहीत, कारण त्यानं मूळ पडदा पाहिलेला असतो. वाचायचं असतं तुम्हाला.

"एवढं काय त्यात?" म्हणणाऱ्यांना आमच्या गल्लीतल्या आबांची हकिगत सांगतो. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी जिल्ह्यात आभाळ फाटलं. आबांचा कापूस पाण्यात उभा. त्या वेळच्या नियमानं पीक विम्याची तक्रार नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदवायची होती. आबांनी चिखल तुडवत एका केंद्रावर जाऊन ती नोंदवली. पडद्यावर भला लांबलचक क्रमांक आला. तिथल्या पोरानं मोबाईल उचलला, खटॅक केलं आणि फोटो आबांना पाठवून दिला. पुढे आबा चौकशीला गेले, तर "या क्रमांकाची तक्रारच नाही"! क्रमांकातल्या एका आठावर नेमकी ट्यूबलाईट बसली होती आणि आबा इमानेइतबारे त्याला तीन म्हणत होते. एसएमएस म्हणाल, तर तो पुण्याच्या मुलाच्या केव्हाच बंद पडलेल्या नंबरावर. चार खेपा झाल्या. "मास्तर, तुमीच बघा आता," म्हणून आबांनी मोबाईल माझ्या हातात दिला. मी भिंग घेऊन बसलो (निवृत्त माणसाकडे भिंग असतंच), तीनाचे आठ केले, आणि तक्रार सापडली. चार खेपांचं बसभाडं आणि बुडालेले चार दिवस कुठल्या विम्यात बसतात, ते मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

बरं, हे घडतं कुठं? मानवतला! कापसाच्या गावात! आमच्याकडे व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस ओढून काढतो, आणि त्यात पाला दिसला की भाव पाडतो. कवडी निघाली की आणखी पाडतो, ओल लागली की बोलायलाच नको. सरकी वेगळी आणि रुई वेगळी करण्यावर इथली जिनिंगं चालतात. आणि याच गावातला माणूस संध्याकाळी हिशेबाचा फोटो पाठवतो, त्यात निम्मी ट्यूबलाईट, पावभर अंगठा आणि हिशेब तोंडी लावायला. या मालाचा भाव कुणी पाडत नाही!

ते बटण काही काल आलेलं नाही. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर निघाला, त्याच्या कीबोर्डावरही 'प्रिंट स्क्रीन' होतं. चांदणीच्या बटणावर पोटभाडेकरू म्हणून. तेव्हा शिफ्ट धरून ते दाबलं की पडद्यावरचा मजकूर खरोखरच प्रिंटरमधून करकरत बाहेर येई. पुढे विंडोजमध्ये काम बदललं, नाव तेच राहिलं. आता पडद्याचं चित्र गुपचूप कॉम्प्युटरच्या स्मरणात जातं आणि कंट्रोल-व्ही दाबून चिकटवेपर्यंत तिथं बसून राहतं. (नव्या विंडोजवर बहुधा पडदा अंधारतो आणि कुठला तुकडा हवा ते विचारलं जातं. लॅपटॉपवर कधी एफ-एन सोबत धरावं लागतं.) गुपचूप, इथंच त्या बिचाऱ्याचं चुकलं. आपल्याकडे शिक्कासुद्धा धाडकन आपटल्याशिवाय कागद मंजूर झाला असं वाटत नाही. मोबाईल निदान 'खटॅक' तरी म्हणतो. त्यातून बटणावर नाव लिहितात ते 'पी-आर-टी-एस-सी'. शपथेलाही एक स्वर नाही. असल्या नावावर विश्वास ठेवून कोण बोट ठेवील?

आता माझीही फजिती सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल, मास्तर जन्मतःच शहाणे. बटण सापडल्याच्या आनंदात मी आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या सहलीचा हिशेब ग्रुपवर टाकला. नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की अख्खा पडदा येतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. हिशेबाच्या खिडकीमागून दुसरी एक खिडकी डोकावत होती आणि तिच्यात ठळक अक्षरांत होतं, 'टक्कल घालवण्याचे सात घरगुती उपाय'. हिशेब कुणीही वाचला नाही. तिघांनी मला कांद्याचा रस सुचवला.

तेव्हापासून मी आधी ऑल्ट धरतो. ऑल्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबलं की फक्त समोरची चालू खिडकी येते. मागचं टक्कल नाही, खालची पट्टी नाही, घड्याळ नाही. रुई तेवढी हातात, सरकी जागच्या जागी. खिडकीतलाही एखादा तुकडाच हवा असेल तर विंडोज, शिफ्ट आणि एस. माझा अमेरिकेतला भाचा मॅकवाला. तो कमांड, शिफ्ट आणि चार दाबतो, मग स्पेस, मग खिडकीवर क्लिक. आणि खिडकीभोवतीची सावली नको असेल तर क्लिक करताना ऑप्शन धरतो. त्याला सावली खपत नाही. आम्हाला अंगठा खपतो!

यावर ठरलेलं उत्तर येतं: "पोचलं ना तुम्हाला? मग झालं तर!" पोचलं म्हणजे काय? मानवत रोड स्टेशनवर उतरलेला पाहुणाही "मानवतला पोचलो" म्हणून फोन करतो. गाव अजून पुढं असतं आणि त्याला आणायला मलाच जावं लागतं. स्टँडवरच्या वेळापत्रकाचा मोबाईलनं खुशाल फोटो काढा, त्या पाटीला बटण नाही. बँकेतला कॉम्प्युटर आपला नाही, तिथंही माफ. पण ज्याच्या बोटांखाली बटण आहे त्यानं दुसऱ्याच्या डोळ्यांना कामाला लावायचं, याला मी आळससुद्धा म्हणणार नाही. आळशी माणूस खिशातून मोबाईल काढायला उठेल कशाला?

शेवटी मी त्या केंद्रावर गेलो. पोरगा गुणी आहे, हेही सांगायला हवं. दारात रांग असताना त्यानं मला खुर्ची दिली. "दिसायलंय की सर, अजून काय पाहिजे?" असं आधी म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसून दोनदा करून दाखवलं. कागदाच्या पट्टीवर 'आधी ऑल्ट' असं लिहून ती कीबोर्डावर चिकटवली. "लईच सोपं हाय की सर!" म्हणाला.

संध्याकाळी त्याचा निरोप आला, "सर, जमलं!" खाली पुरावा जोडलेला. पडद्यावर मधोमध त्यानं स्वतः काढलेला नेटका, स्वच्छ स्क्रीनशॉट उघडून ठेवलेला, आणि त्या पडद्याचा मोबाईलनं काढलेला फोटो. ट्यूबलाईट या वेळी जरा उजवीकडे सरकली होती.