परकरालाही माप घ्या

पिंपळगाव राजात माझ्याकडे ब्लाउज टाकायला आलेली बाई गळा किती खोल, बाही कुठवर, पाठीला लटकन कोणतं यावर अर्धा तास बोलते. परकराचं विचारलं की म्हणते, "तो दुकानातला चालते." दुकानातला म्हणजे फ्री साइज. वर नेफा, त्यात नाडी, आणि जिची जशी कंबर तशी तिनं आवळायची. सडपातळ बाईचं भागतं. कंबर 36 आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर, 48 असली की सगळा घोळ कमरेवर गोळा होतो, साडीच्या निऱ्या फुगतात, आणि त्या घसरू नयेत म्हणून नाडी आणखी ओढली जाते. वर दोष स्वतःलाच. "ताई, माही कंबरच बेढब हाय," असं परवा एक मावशी टेप लावताना म्हणाल्या. मला राग येतो तो बेतणाऱ्याचा. 12 इंचांचा फरक त्यानं कात्रीनं सोडवायचा होता, तो नाडीवर ढकलून मोकळा झाला.

नाडी आवळण्याचं टोक आपल्या विदर्भातच दिसलं. नोव्हेंबर 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये दोन वयस्क बायकांची हकिगत छापली. एक परकराची नाडी घट्ट बांधायची, दुसरी परकराशिवाय लुगडं. वर्षानुवर्षं एकाच जागी काचून जखम झाली, ती भरली नाही आणि तिथं त्वचेचा कर्करोग झाला. असं क्वचितच होतं, उगाच कुणाला घाबरवायचं नाही. पण कमरेभोवतीचा काळा वळ आणि खाज क्वचित नाही. माझ्या टेपखाली तो वळ नेहमीच येतो.

उपाय सहा कळ्यांत आहे. सहा कळ्या म्हणजे सहा जोड. 12 इंच सहांत वाटले की जोडाला 2, कळीच्या एका कडेला फक्त 1 इंच. डोळ्याला कळतही नाही. पण सरसकट सारखं वाटू नये. सीट मागे भरलेली असेल तर मागच्या जोडांतून जास्त घ्यायचं, पुढं कमी. पोट असेल तर पुढचे जोड सरळच ठेवायचे. सीटचं माप उभं घ्यायचं आणि बसवूनही, कारण बसल्यावर ते वाढतं, आणि आपल्या बायका दिवसातला बराच वेळ खाली बसून काम करतात. मागून परकर उचलला जातो, तेव्हा तिथली वाढ कमरेकडून द्यायची. घेराकडून दिली तर खालची कड वाकडी पडते. नाडीऐवजी दोन इंची पट्टा, बाजूला आठ इंचांची चीर, हुकाला दोन घरं आणि आत भरपूर माया. अंग काही कायम एका मापात राहत नाही. कॉलेजच्या पोरींच्या स्कर्टलाही हाच हिशेब, फक्त तिथं कळ्यांऐवजी टक्स येतात. मागे एक मोठा टक मारला की टोकाला फुगा येतो. दोन-दोन लहान मारावेत.

केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळावर निफ्ट या फॅशन संस्थेनं 'इंडिया साइज' या भारतीय मापांच्या तक्त्यासाठी सहा शहरांतल्या 25 हजार लोकांची मापं घ्यायचं ठरवलं. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, शिलाँग. तयार कपड्यांना त्याचा उपयोग होईल. पण तक्ता झाला तरी सरासरीचाच, आणि खामगाव तालुक्यातली बाई त्यात बसेल याची हमी कोण देणार?

आमचे व्यवसायबंधू म्हणतात, परकराला एवढी मजुरी देतं कोण? बाईला पर्याय दाखवलाच नाही, तर ती देईल कशाला? पीएम विश्वकर्मा योजनेत 2023 पासून शिंप्यांना पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदतही आहे. त्या दिवसांतला एक दिवस परकराला द्या. समोर पुतळा नको, भरल्या अंगाची बाई उभी करा, आणि तिला पाटावर बसवूनही माप घ्यायला लावा.